गांडूळखताची नाडी

गांडूळखताला ‘जिवंत खत’ म्हणण्याचा प्रघात आहे. मात्र हे जिवंतपण डोळ्यांना दिसत नाही. काळपट रंग, भुसभुशीत स्पर्श आणि ओल्या मातीचा वास एवढ्यावरच शेतकरी पिशवी विकत घेतो. १९८५च्या खत नियंत्रण आदेशात गांडूळखतातील ओलावा, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश आणि जड धातू यांच्या मर्यादा आहेत. सूक्ष्मजीव किती क्रियाशील आहेत, याचा निकष नाही.

प्रयोगशाळेत मात्र हे मोजता येते. ट्रायफेनिल टेट्राझोलियम क्लोराइड या रंगहीन द्रव्याला जिवंत पेशींतील डिहायड्रोजिनेज विकरांच्या क्रियेतून इलेक्ट्रॉन मिळतात आणि त्याचे लाल फॉर्मॅझन बनते. ओले नमुने सामान्यतः ३७ अंश सेल्सियसला २४ तास अंधारात ठेवतात, मिथेनॉलने रंग काढतात आणि ४८५ नॅनोमीटरवर त्याची तीव्रता मोजतात. दुसरी रीत त्याहून साधी आहे. बंद बरणीत खताशेजारी सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण ठेवायचे. श्वसनातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड त्यात शोषला जातो आणि अनुमापनाने त्याचे प्रमाण कळते.

दोन्ही रीतींत दक्षता हाच प्राण आहे. उन्हात वाळवलेला नमुना खताचे खरे चित्र दाखवत नाही. खताचा स्वतःचा काळपट रंग अर्कात उतरतो. म्हणून टेट्राझोलियम न घातलेला तुलना-नमुना अनिवार्य ठरतो. ओलावा प्रत्येक ढिगात निराळा असल्याने आकडा कोरड्या वजनाच्या प्रतिग्रॅम मांडावा लागतो.

खरी कसोटी मात्र आकडा वाचण्यात आहे. नाडी जलद चालली म्हणजे प्रकृती उत्तम, असे वैद्य म्हणत नाही. अर्धवट कुजलेल्या शेणात सहज कुजणारे अन्न विपुल असते, म्हणून तेथे श्वसन जोमाने चालते. गांडुळांनी ते पचवून टाकले आणि खत पक्व होत गेले की हा वेग मंदावतो. केवळ मोठा आकडा पाहून खत निवडणारा कच्चे खत उचलण्याचा संभव असतो. असे खत शेतात पडले की सूक्ष्मजीव मातीतील नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात.

म्हणून एका दिवसाचे मोजमाप अपुरे आहे. दर आठवड्याचा आलेख, कर्ब-नत्र गुणोत्तर आणि बियांची उगवण चाचणी ही एकत्र वाचली, तरच निर्णय विश्वासार्ह ठरतो. पिशवीवरचा ‘जिवंत’ हा शब्द पारखून घेण्याचा अधिकार शेतकऱ्याचा आहे आणि त्यासाठी लागणारी साधने महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या आवाक्यातली आहेत.