सात तारखेच्या काकू

डोंबिवली पूर्वेला आमच्या इमारतीत ज्यांना सगळे 'आरडीवाल्या काकू' म्हणत, त्या पोस्टाच्या अल्पबचत एजंट होत्या. त्यांच्या कामाचं सरकारी नाव महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना. 1972 पासून चालत आलेली. बायकांनी घरोघर जाऊन लोकांच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीचे हप्ते गोळा करायचे, पोस्टात भरायचे आणि त्यावर चार टक्के कमिशन सरकारकडून घ्यायचं. खातेदाराकडून एक पैसा वर घ्यायचा नाही. काकूंच्या खांद्याला रेक्झिनची पिशवी असे. तिच्यात रबरबँड लावलेली कार्डं, एक लांबट वही आणि सुट्ट्या पैशांची डबी.

मी 2008 साली कोकणातून नोकरीसाठी आलो आणि तिघांच्या खोलीतला तिसरा झालो. लोअर परळच्या एका ऑफिसात काम. अकरा हजार हातात पडत. भाडं, डबा, रेल्वेचा पास आणि घरी पाठवायचे तीन हजार वजा जाता काहीतरी उरायला हवं होतं. ते वीस तारखेपर्यंत टिकत नसे. उधळपट्टी म्हणावी असं काही चाललेलं नव्हतं. पैसे जातात कुठे हे मला कळत नव्हतं, आणि खोलीतल्या दोघांनाही कळत नव्हतं, त्यामुळे नोकरी म्हणजे हे असंच असतं अशी आम्हा तिघांची ठाम समजूत होती.

काकू समोरच्या बिऱ्हाडाचा हप्ता घ्यायला आल्या होत्या. दार उघडं दिसलं म्हणून डोकावल्या. "तू कुठे भरतोस रे?"

"उरले की भरीन, काकू."

"उरत नसतात. पगार किती तारखेला?"

"एकला."

"मग मी सातला येते. पाचला नको, तोवर घरी पैसे पाठवायचे असतील तुझे. दहाला नको, तोवर चार दिवस श्रीमंत होऊन झालेला असशील."

मी तीनशे म्हणालो. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर माझा पगार लिहिला, खाली एकेक खर्च वजा केला आणि शेवटच्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. "हे बघ, यात हजार बसतात. तीनशे भरलेस तर सातशे कुठे गेले ते तुला आयुष्यात सापडणार नाहीत." खातं हजाराचं उघडलं.

पुढची सात तारीख आली तेव्हा मी हिशेब ठेवायला लागलो आहे असं त्यांना मोठ्या ऐटीत सांगितलं आणि वही दाखवली. चहा, वडापाव, रिक्षा, दाढीचं सामान. त्यांनी वही मिटली. "खर्च लिहिणारा पोरगा पंधरा दिवसांत कंटाळतो. आणि खोटं लिहायला शिकतो ते वेगळंच. तू फक्त शिल्लक लिही. रात्री झोपताना पाकिटात किती आणि बँकेत किती. बास." एवढंच करायचं होतं म्हणून ते झालं. रोज उतरत जाणारा तो आकडा स्वतःच्या अक्षरात बघितला की वाशीला मित्राकडे जाताना रिक्षा करायची की बस पकडायची हे कुणी सांगावं लागत नाही. हिशेबाची ॲप्स नंतर बरीच वापरून पाहिली, गोल तक्ते आणि रंगीत पट्ट्या दाखवणारी. माझं तरी त्यांच्याशी जमलं नाही.

गणपतीत गावी जायचं म्हणून मी उसने मागत फिरत होतो, ते त्यांच्या कानावर गेलं. इथे मात्र त्या वैतागल्या. "अरे, गणपती काय अचानक येतात? पंचांगात छापलेले असतात की!" मग जिन्यातच, कठड्यावर वही टेकवून, त्यांनी बारा महिन्यांची नावं लिहून घेतली आणि त्यापुढे मला बोलायला लावलं. जूनमध्ये छत्री आणि बहिणीची फी. भाद्रपदात गावचा प्रवास आणि घरचा हातभार. दिवाळी. अकरा महिन्यांनी भाडेकरार संपला की दलालाचं एक महिन्याचं भाडं, त्यातला माझा तिसरा हिस्सा. विम्याचा वार्षिक हप्ता. सगळ्याची बेरीज करून बारांनी भागलं. येणारा आकडा दर महिन्याला बाजूला काढायचा, वेगळ्या बचत खात्यात, आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड घ्यायचंच नाही. पैशाबद्दल मला जे काही कळतं त्यातला निम्मा भाग त्या जिन्यात शिकलो. अडचण म्हणून जे येतं त्यातलं बरंचसं दरवर्षी ठरल्या महिन्यात येतं, आणि तरी दरवर्षी आपण दचकतो.

क्रेडिट कार्डाचं पाकीट टपालाने आलं तेव्हा मी हौसेने त्यांना दाखवलं. काकूंनी कार्ड बघितलंच नाही, सोबतचं बारीक छापलेलं पत्रक चष्मा लावून वाचलं. इंग्रजी त्यांना बेताचंच येत होतं, पण आकडे वाचायला इंग्रजी लागत नाही. "दरमहा शेकडा तीनच्या वर? आमच्या गावचा सावकार दोनाने द्यायचा, आणि त्याला लोक शिव्या घालायचे." मी सांगितलं, सगळे पैसे भरायची सक्ती नसते, पाच टक्के भरले तरी चालतं. त्यांनी दहा हजारांचं उदाहरण घेतलं. पाचशे भरायचे, त्यातले तीनशेच्या वर व्याजात गेले, मुद्दल दोनशेनेसुद्धा हललं नाही. वर, जुनी बाकी शिल्लक असताना नवी खरेदी केली तर तिला बिनव्याजी मुदत मिळत नाही, हीही ओळ त्यांनीच शोधली. "वापर की," त्या म्हणाल्या, "पण पूर्ण भरता येईल तेवढंच. नाहीतर पाकिटात सावकार घेऊन फिरशील." मी आजही कार्ड वापरतो, आणि बिल पूर्ण भरतो.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं मात्र नाही. शेअर हा शब्द काढला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे. म्युच्युअल फंडाचा हप्ता मी सुरू केला तेव्हा त्यांनी त्याला बचत म्हणायला साफ नकार दिला. आता आकड्यांचं बोलायचं तर, पोस्ट तेव्हा आरडीला साडेसात टक्के देत होतं. माझे साठ हजार पाच वर्षांनी, 2013 मध्ये, 72,890 झाले. पण त्याच काळात महागाई बहुतेक वेळ नऊ-दहा टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे माझा पैसा वाढला, त्याची खरेदीची ताकद घटली. कुणी अर्थशास्त्राचा माणूस हे ऐकून हसेल. त्याने खुशाल हसावं. काकू नसत्या तर घटायलासुद्धा काही नव्हतं.

2011 मध्ये अल्पबचतीचा आढावा घेणाऱ्या श्यामला गोपीनाथ समितीने या बायकांचं कमिशन चारावरून टप्प्याटप्प्याने एक टक्क्यावर आणण्याची शिफारस केली होती. सरकारने ती मानली नाही, चार टक्के राहू दिले. शिफारशीमागे हिशेब असेलच. माझ्या हजारामागे काकूंना चाळीस रुपये सुटत, आणि त्यासाठी त्या दुखरे गुडघे घेऊन तीन जिने चढत. एका टक्क्यात दहा रुपये. दहा रुपयांसाठी कोण कुणाच्या पोराचं पंचांग मांडून देईल?

राहता राहिलं ते देणं. 2012 मध्ये आमचं ऑफिस बंद झालं आणि दोन महिने माझ्या हातात काही नव्हतं. सात तारखेला मी दाराला कुलूप लावून स्टेशनवर जाऊन बसायचो. आरडीचा हप्ता चुकला की शंभराला महिना रुपया दंड बसतो, आणि चार हप्ते चुकले तर खातंच बंद पडतं, हे मला ठाऊक होतं. नवी नोकरी लागल्यावर थकबाकी आणि दंड मोजून तयार ठेवला. काकू आल्या, त्यांनी कार्ड काढलं. दोन्ही महिन्यांच्या रकान्यांत हजार हजार भरलेले, पुढे त्यांची सही.

मी दोन हजार त्यांच्या हातात दिले आणि वर व्याज म्हणून शंभर. त्यांनी नोटा थुंकी लावून मोजल्या, शंभराची परत माझ्याकडे सरकवली.

"व्याज पोस्ट देतं, बाबा. मी कमिशनवर आहे," असं म्हणून त्यांनी चालू महिन्याच्या हजारासाठी हात पुढे केला.