चावणारे पिल्लू

चावणारा प्राणी दुष्ट असतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. कुत्रे गुरगुरले, मांजरीने पंजा उगारला, की त्या मुक्या जीवाला नावे ठेवून आपण मोकळे होतो. परंतु पुष्कळदा त्या दातांमागे क्रोध नसतो, भीती असते. ही गोष्ट मला एका वीतभर सापाच्या पिल्लाने शिकविली.

२०२३ सालच्या सप्टेंबरात मी धाकट्या बहिणीकडे अमेरिकेतील ओहायओ राज्यात दीड महिना राहिलो. हे कुटुंब दोन वर्षांपूर्वी बेळगाव सोडून तिकडे गेले होते. बहिणीच्या बारा वर्षांच्या मुलाने बराच हट्ट करून ‘कॉर्न स्नेक’ नावाच्या बिनविषारी सापाचे पिल्लू विकत आणले होते. अमेरिकेच्या आग्नेय भागातला हा साप नारिंगी रंगाचा असून त्याच्या पाठीवर काळ्या कडांचे तांबडे चट्टे असतात. मक्याच्या कोठारांत उंदरांच्या मागावर तो येई म्हणून त्याला हे नाव पडले, असे कोणी म्हणतात. कोणी त्याच्या पोटावरील चौकड्यांत मक्याच्या दाण्यांचा भास होतो, असे सांगतात. पूर्ण वाढीचा साप तीन ते पाच फूट लांब होतो आणि नीट सांभाळल्यास वीस वर्षेही जगतो. तिकडे माणसांच्या देखरेखीखाली जन्मलेली अशी पिल्ले घरोघर पाळली जातात.

पण हे पिल्लू कोणाला जवळ येऊ देईना. पेटीचे झाकण उघडताच ते मानेला नागमोडी आढी घाली, शेपटीचे टोक थरथरवी आणि हात पुढे आला की झडप घाली. दंश टाचणी टोचल्याइतकाच; रक्ताचा एखादा थेंब येई. तरी मुलाचे मन खचले. नव्या शाळेत त्याला मित्र थोडे. वर्गात त्याने या पिल्लाचे मोठे वर्णन करून ठेवलेले. बहीण तर त्या खोलीत पाऊल टाकीत नसे. आमच्या आजीच्या लेखी साप म्हणजे सैतानाचे रूप, आणि ते संस्कार सहज पुसले जात नाहीत. शेवटी मेहुण्यांनी बजावले, “महिनाभरात सुधारणा झाली नाही, तर ते दुकानात परत जाईल.”

मुलगा माझ्याकडे येऊन म्हणाला, “मामा, त्याला मी आवडतच नाही.”

आम्ही दोघांनी त्या विषयावरील पुस्तके वाचली आणि जनावरांच्या डॉक्टरांचा सल्ला घेतला. तेव्हा कळले की येथे आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता. रानात एवढ्याशा पिल्लाला पक्षी, मोठे साप असे कितीतरी प्राणी गिळायला टपलेले असतात. वरून झेपावणारी प्रत्येक सावली त्याच्या दृष्टीने मृत्यूच. ना त्याला नखे, ना विष, ना पळायला पाय. मोठ्याने भिवविणे आणि चावणे एवढेच त्याच्या हाती असते. शेपटी थरथरविणे हेही त्या भिवविण्यातलेच. वाळल्या पाल्यात तो आवाज विषारी खुळखुळ्या सापासारखा येतो.

मग त्या घरात नवा क्रम सुरू झाला. पहिले आठ दिवस पिल्लाला कोणी हातच लावला नाही. पेटीच्या उबदार आणि थंड अशा दोन्ही टोकांना लपायला एकेक जागा करून दिली. कारण ज्याला लपता येते, त्याला लढावे लागत नाही. त्याने भक्ष्य नियमाने खाल्ल्यावरच पुढची पायरी. खाल्ल्यानंतर दोन दिवस त्याला उचलायचे नाही, नाही तर ते अन्न ओकून टाकते. कात टाकण्यापूर्वी सापाचे डोळे दुधाळ निळसर होतात, त्याला नीट दिसत नाही. तेव्हाही त्याला छेडायचे नाही. हाताला उंदराचा वास असेल तर हात म्हणजे खाऊच वाटतो, म्हणून आधी हात धुवायचे. सापांच्या अंगावर रोगजंतू असू शकतात, म्हणून नंतरही साबणाने धुवायचे.

उचलण्याचीही रीत होती. हात वरून न आणता बाजूने, सावकाश पण न कचरता न्यायचा. डोके पकडायचे नाही. अंगाच्या मध्यभागी आधार द्यायचा आणि पिल्लाला बोटांतून सरकू द्यायचे. प्रथम पाच मिनिटे, मग दहा. चावलेच तर हात झटकायचा नाही. सापाचे दात मागे वळलेले असतात, ओढाताणीत आपली कातडी फाटते आणि त्याचे दात मोडतात. चावल्याबरोबर पेटीत ठेवले तर चावले की सुटका होते, एवढेच ते शिकते. म्हणून ते शांत होईपर्यंत थांबायचे आणि मगच ठेवायचे.

मुलाने हे सारे निष्ठेने केले. तिसऱ्या आठवड्यात दोनदा दंश झाला. चौथ्यात एकदाही नाही. महिना भरला त्या संध्याकाळी पिल्लू त्याच्या मनगटाभोवती वेटोळे घालून स्वस्थ बसले होते. मेहुणे दारातून पाहत राहिले आणि परतीचा विषय त्यांनी काढला नाही. त्या पिल्लाला मुलाचा लळा लागला, असे मी म्हणणार नाही. या हातापासून धोका नाही, एवढेच त्याला कळले. भ्यालेल्या जीवाला तेवढे कळणेही फार मोठे आहे.

हे वाचून आपल्या मुलांनी बांधावरचे साप मात्र धरू नयेत. आपल्याकडील साप पकडणे व पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे, आणि जिवाचा धोका त्याहून मोठा. घोणसाचे पिल्लू जन्मतःच विषारी असते आणि पुष्कळांना ते अजगराचे पिल्लू वाटते. घरात साप निघाला तर दूर उभे राहून वनखात्याला वा जाणत्या सर्पमित्राला बोलवावे. दंश झालाच तर करकचून बांधणे, चिरणे, चोखणे यांपैकी काही न करता रोग्याला न हालविता थेट इस्पितळात न्यावे. प्रतिविष तेथेच मिळते.

परंतु त्या मुलाने जे केले ते करायला आपल्याला साप लागत नाही. वसतिगृहात नव्याने आलेले उर्मट पोर, सासरी आलेली आणि शब्दाला शब्द देणारी सून, दुखण्याने चिडचिडा झालेला म्हातारा, असे कोणी ना कोणी प्रत्येक घरात असते. त्यांना लपायला थोडी जागा द्यावी, वरून हात घालू नये, आणि एकदा चावले म्हणून हात झटकू नये.