आप्पांच्या खोलीतला वास

बेंबळी (जि. धाराशिव)
वैशाख

चि. सौ. ताईस,


तू बाळंतपणाला येण्याआधी आप्पांच्या खोलीतला बिडीचा वास जाईल का, असं फोनवर विचारलंस. तुझी काकू म्हणते, उदबत्त्या लावू, दारं सताड उघडी ठेवू. त्यानं जाणार नाही. वास नुसता हवेत असता तर आपल्याकडच्या वैशाखातल्या वाऱ्यानं कधीच नेला असता. तो भिंतीत, माळवदाच्या तुळयांत, गादीच्या कापसात मुरलाय. धुरातलं चिकट डांबर आणि निकोटीन तिथं बसतं आणि दुपारी खोली तापली की पुन्हा सुटतं. उदबत्ती म्हणजे धुरावर आणखी धूर.

तुझी काळजी खरी आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो स्टेट युनिव्हर्सिटीच्या जॉर्ज मॅट यांनी सिगारेट ओढणारी कुटुंबं सोडून गेलेली घरं तपासली. निष्कर्ष २०११ साली छापून आले. घरं दोन महिने रिकामी होती, पुढच्या भाडेकरूंसाठी साफसफाईही झाली होती. तरी तिथल्या धुळीत आणि पृष्ठभागांवर निकोटीन होतंच. नव्यानं राहायला आलेल्या, न ओढणाऱ्या माणसांच्या बोटांवरही ते सापडलं. रांगणारं पोर तर फरशीवरचा हात थेट तोंडात घालतं.

म्हणून कामं क्रमानं धरली आहेत. वाकळा, पडदे, मच्छरदाणी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून उन्हात टाकू. गादी धुता येत नाही आणि नुसती पिंजून भागणार नाही. कापूस नवाच भरू.

मोबाइलवर जो तो व्हिनेगर सांगतो. निकोटीन अल्कधर्मी, व्हिनेगर आम्ल; दोन्ही मिळून पाण्यात विरघळणारं मीठ होतं, त्यामुळं काचेवर, पंख्याच्या पात्यांवर, लोखंडी कपाटावर ते चालतं. पण आपली भिंत चुन्याची आणि फरशी शहाबादी, म्हणजे तीही चुनखडीच. व्हिनेगर दोघींनाही खातं. फरशीची तकाकी जाईल ती परत येणार नाही. तिथं साबणाचं पाणीच बरं. भिंतीच्या खालच्या ऑइलपेंटच्या पट्ट्याला मात्र सोड्याचं पाणी चालेल. तो पट्टा खालून वर पुसायचा, नाहीतर तपकिरी ओघळांचे डाग राहतात. वैशाखातली पाण्याची टंचाई तुला ठाऊकच आहे. म्हणून झाडणं-खरवडणं आधी, पाणी शेवटी.

सगळ्यांत मोठं काम चुन्याचं. जुन्या चुन्यावरच नवा हात मारला तर ओल्या चुन्यातून पिवळे डाग वर येतात आणि वासही. म्हणून जुने पापुद्रे पत्र्यानं खरवडून काढायचे, नाकाला फडकं बांधून. मग भिंत ओल्या फडक्यानं पुसायची, वाळू द्यायची आणि त्यावर चुन्याचे दोन हात. तुळया आणि पटईच्या फळ्या मी झाडून घेतो, मग सोड्याच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसतो. लाकूड मात्र वास पुरता सोडेल असं नाही. ओझोन सोडणारं यंत्र आणायचं तुझ्या भावाच्या मनात आहे. त्याला नको म्हण. ओझोन फुप्फुसांना वाईट, आणि भिंतीतलं डांबर त्यानं निघत नाही.

झाल्यावर खोली दुपारभर बंद ठेवू आणि संध्याकाळी शेजारच्या कुणाला तरी आत पाठवू. इथं रोज राहणाऱ्यांच्या नाकावर विश्वास नको, ती सरावलेली असतात. वास उरलाच तर तू आणि बाळ मधल्या खणात राहा. त्याच खोलीचा हट्ट नको.

पण आप्पा आत ओढत राहिले तर हा सगळा खटाटोप वाया. पडवीतही नको, तिथला धूर दारातून आत येतो. लिंबाखाली बाज टाकून देतो, बिडी तिथंच. बाळाला घेण्याआधी हात धुवायचे, सदरा बदलायचा.

हे त्यांना तू सांग. माझं ते ऐकत नाहीत, नातीचं ऐकतात. मॅट साहेबांचं नाव काढू नकोस, त्यांना अमेरिकेचं काही पटत नाही. करडईवरचा मावा मारायला तंबाखूचा काढा फवारायचे, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. त्या काढ्यात मारणारं असतं ते हेच निकोटीन. ते पाळण्याशेजारच्या भिंतीला लावून ठेवायचं का, एवढंच विचार.

कळावे.
तुझा,
काका