कटाचा खर्च कोण करतं?

चांगली कटकारस्थानाची कादंबरी शोधणं हे चांगला हापूस शोधण्यासारखंच काम आहे. पेटीवर सगळेच 'देवगड' लिहितात, खरं काय ते घरी आणून कापल्यावर कळतं. या पुस्तकांच्या मागच्या पानावरचा मजकूर वाचावा तर प्रत्येक पुस्तक 'एका बैठकीत संपवावं' असंच असतं. प्रत्येकात एक गुप्त संघटना असते, शेकडो वर्षं दडवलेलं रहस्य असतं आणि जग वाचवायला चोवीस तास उरलेले असतात. नायक बऱ्याचदा प्राध्यापक असतो, पण कॉलेजात शिकवताना मात्र कधी दिसत नाही!

माटुंग्याच्या फुटपाथवरून अशी पुस्तकं मी गेली तीसेक वर्षं उचलतोय. मित्रमंडळी आणि भाचरं अधूनमधून विचारतात, 'या प्रकारातलं चांगलं काहीतरी सुचव ना.' म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. माझी सगळी नोकरी ऑडिटमध्ये गेली, त्यामुळे माझी कसोटीही तशीच रुक्ष आहे. पुस्तक हातात घेतलं की मी एकच बघतो. या कटाचा खर्च कोण करतंय आणि त्याचा हिशेब कोण ठेवतंय?

हसू नका. फ्रेडरिक फोर्सिथचं 'द डे ऑफ द जॅकल' (१९७१) घ्या. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायचा कट. द गॉल १९७० साली आपल्या घरीच वारले, म्हणजे कट फसणार हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत. तरी पुस्तक खाली ठेववत नाही. का? तर त्यात प्रत्येक गोष्टीला किंमत आहे. मारेकरी पाच लाख डॉलर मागतो, निम्मे आगाऊ. आता लपूनछपून फिरणाऱ्या संघटनेकडे एवढे पैसे कुठले? मग ते बँकांवर दरोडे घालायला लागतात, आणि दरोडे वाढले की सरकारी माणसांच्या डोक्यात किडा वळवळतो: यांना अचानक एवढे पैसे कशाला लागले? कटाला पहिली चीर पडते ती इथे. पुढे मारेकरी लहानपणीच वारलेल्या एका मुलाच्या नावाने पासपोर्ट काढतो. तेही उघडकीला येतं ते पासपोर्टचे अर्ज आणि मृत्यूच्या नोंदी ताडून बघणाऱ्या कारकुनांमुळे.

फोर्सिथ मुळात पत्रकार, रॉयटर्ससाठी पॅरिसमध्ये काम केलेला. जून २०२५ मध्ये तो गेला. त्याची पासपोर्टची युक्ती इतकी खरी होती की १९७४ साली जॉन स्टोनहाऊस नावाच्या ब्रिटिश खासदाराने स्वतःच्या मरणाचं नाटक केलं, तेव्हा मेलेल्या माणसांच्या नावाने पासपोर्ट काढायचा मार्गच त्याने धरला होता.

दुसरं सुचवेन रिचर्ड कॉन्डनचं 'द मंचुरियन कँडिडेट' (१९५९). कोरियाच्या युद्धात पकडलेल्या अमेरिकन सैनिकाचं मन असं काही घडवतात की इशारा मिळताच तो खून करेल. वाचताना वाटतं, काय हे अचाट! पण अमेरिकेच्या सीआयएने १९५३ पासून 'एमकेअल्ट्रा' नावाखाली माणसाच्या मनावर ताबा मिळवायचे प्रयोग खरंच चालवले होते. नकळत लोकांना औषधं दिली होती. कादंबरीत सगळं बिनचूक जमतं, प्रत्यक्षात तसा ताबा कधी मिळालाच नाही, नुसती माणसं नासली. १९७३ मध्ये कागदपत्रं नष्ट करायचा हुकूम निघाला. पण १९७७ मध्ये सुमारे वीस हजार कागदपत्रं सापडली. का सापडली? तर ती हिशेबाची कागदपत्रं होती, वेगळ्या ठिकाणी ठेवलेली, म्हणून नष्ट व्हायची राहून गेली. फाइली गेल्या, बिलं उरली! हे वाचलं तेव्हा मला माझ्या खात्याचा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू.

तिसरं, उंबेर्तो एकोचं 'फुकोज पेंड्युलम' (१९८८). जड आहे, पहिल्या शंभर पानांत दोनदा झोप लागेल, पण नेटाने वाचा. मिलानमधले तीन संपादक गंमत म्हणून जगाच्या इतिहासाचा एक महाकट रचतात आणि वेडी माणसं तो खरा मानून त्यांच्याच मागे लागतात. ज्या जुन्या कागदावरून सगळं सुरू होतं, तो कागद बघून एकाची मैत्रीण शांतपणे म्हणते की ही तर व्यापाऱ्याची माल पोचवायची यादी दिसतेय. पुन्हा हिशेबाचा कागद!

'दा विंची कोड' (२००३) मात्र या कसोटीला उतरत नाही. वाचायला मजा येते, नाही कोण म्हणतो? पण त्यात सुरुवातीलाच खरी म्हणून सांगितलेली १०९९ सालची गुप्त संघटना प्रत्यक्षात प्येर प्लांतार आणि त्याच्या सोबत्यांनी १९५६ साली फ्रान्समधल्या सरकारी कचेरीत रीतसर नोंदवलेली होती. नोंदणीचा कागद उपलब्ध आहे. फक्त तो बघायला कोणी जात नाही.

आता हे सगळं मी का लिहितोय? कारण 'जॅकल' मला पहिल्यांदा दिलं ते माझ्या मामाने. मी नववीत होतो. "वाच, आणि प्रत्येक पानाला विचार, हे जमेल का?" असं म्हणाला होता. शंका घ्यायला मला त्याने शिकवलं. आणि २०२१ मध्ये हाच मामा लस घ्यायला तयार नव्हता. लशीतून चिप घालतात, सगळं आधीपासून ठरलेलं आहे, असे व्हिडिओ दिवसाला दहा यायचे त्याच्याकडून. मी त्याला त्याचंच वाक्य ऐकवलं. "अरे मामा, जमेल का हे? कोट्यवधी सुयांचा खर्च कोण करतंय?" तो म्हणाला, "तू शेवटी ऑडिटरच राहिलास." आणि फोन ठेवला.

मामी २०२० मध्ये गेली होती. दोन दिवस बेड मिळाला नाही, मिळाला तेव्हा उशीर झाला होता. का झाला, कोणामुळे झाला, हे कोणी सांगितलं नाही. सांगण्यासारखं कोणाकडे काही नव्हतंच. मला फार उशिरा उमगलं की मामाला चिपची भीती नव्हती. मामी उगीचच गेली, त्यामागे कोणाचा हात नव्हता, हे त्याला सोसत नव्हतं. कट असला की निदान गुन्हेगार तरी असतो.

ऑगस्टमध्ये दोन डोस घेतलेल्यांनाच लोकल मिळणार असं ठरलं आणि मामाने मुकाट्याने लस घेतली. पासासाठी! घरात आम्ही हसलो, तोही हसला. पण त्यानंतर मी त्याच्याशी वाद घालणं सोडलं आणि जुनी पुस्तकं नेऊन द्यायला लागलो. हे लिहितोय तेही त्याला विचारूनच.

चांगल्या कटाच्या कादंबरीचं हेच मोठेपण वाटतं मला. ती गुन्हेगार देते, कट उलगडते आणि शेवटच्या पानावर मिटते. फॉरवर्डला शेवटचं पान नसतं.

मराठीत असं पुस्तक मला अजून हवंय. आपल्याकडे मालाची कमी नाही हो. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, थकलेल्या पगारासाठी आत शिरलेले गारदी आणि नारायणरावाचा खून. 'ध'चा 'मा' ही आख्यायिका असेल, पण तीही एका कागदाचीच आहे. पुढे रामशास्त्र्यांचा निवाडा आणि मग बारभाईंचं कारस्थान, म्हणजे कटाला उत्तर म्हणून दुसरा कट. ऐतिहासिक कादंबऱ्यांतून हे सगळं येतं, पण तलवारी आणि अश्रूंसकट. मला हवाय तो गारद्यांच्या थकबाकीची वही उघडून बसलेला एखादा फडावरचा कारकून, ज्याला त्या रात्रीच्या आधी एका रकमेपाशी अडखळायला होतं.

कोणी लिहिलं असेल तर जरूर कळवा. नसेल तर तुमच्यापैकी कोणीतरी लिहा. दोन प्रती माझ्याकडून नक्की, एक माझी आणि एक मामाची.