सीझिनकोटचे नंदी

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून वूस्टरकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले म्हणजे रेडिंग आणि ऑक्सफर्ड मागे टाकून सुमारे दीड तासात मॉर्टन-इन-मार्श हे कॉट्सवोल्डच्या टेकड्यांतील लहानसे बाजारगाव येते. परंतु त्याच्या अलीकडचे किंगम स्थानक आले तेव्हाच मी खिडकीशी सरसावून बसलो, कारण तेथून थोड्याच अंतरावर डेल्सफर्ड आहे, आणि १७८२ मध्ये सालबाईचा तह करून ज्याच्या अमलात कंपनीने पहिल्या मराठा युद्धातून अंग काढून घेतले, त्या वॉरन हेस्टिंग्जच्या वाडवडिलांची ती जमीन होय. घराण्याच्या हातून गेलेली ही मिळकत त्याने हिंदुस्थानातून परतल्यावर पुन्हा विकत घेतली, तीवर नवा वाडा बांधला, आणि ज्या साली पेशवाई बुडाली त्याच १८१८ साली तो तेथील चर्चच्या आवारात मातीआड झाला. गाडीतून अर्थातच यांपैकी काही दिसत नाही; दिसतात ती मेंढरे, कुंपणे आणि इव्हनलोड नदीचे ओलेगच्च हिरवे खोरे.

माझे जाणे मात्र डेल्सफर्डला नव्हते. एका जुन्या वर्गमित्राची कन्या, जन्माने आणि शिक्षणाने इंग्लंडचीच, एका इंग्रज तरुणाशी विवाहबद्ध होत होती, आणि त्यासाठी सीझिनकोट नावाची ग्लॉस्टरशरमधील एक जुनी इस्टेट भाड्याने घेतली होती. डेल्सफर्डचा वाडा ज्याने बांधला तो सॅम्युएल पेपिस कॉकरेल हाच सीझिनकोटचाही स्थपती. पण पहिला वाडा पाहून दुसऱ्याची कल्पना यावी असे त्यात काही नाही.

मॉर्टनहून मोटारीने बोर्टन-ऑन-द-हिल या खेड्याकडे चढू लागले की मधाच्या रंगाच्या दगडाची, उतरत्या छपरांची, एकमेकांना खेटून उभी असलेली घरे लागतात. तेथून ओकच्या झाडीतील खासगी रस्त्याने आत वळावे, आणि आता असलाच एखादा भारदस्त इंग्रजी वाडा दृष्टीस पडणार अशी मनाची तयारी झालेली असावी, तोच झाडांच्या शेंड्यांवर तांब्याचा, हिरवट गंज चढलेला, कांद्याच्या आकाराचा घुमट उभा राहतो! घुमटाभोवती छत्र्या, भिंतींवर रुंद छज्जा, मोराच्या पिसाऱ्यासारख्या कमानींच्या खिडक्या, आणि एका बाजूस चंद्रकोरीप्रमाणे वळत गेलेले काचगृह. असा हा ऐवज त्या धुकट टेकडीवर, शेजारी गाई चरत असताना, अगदी निःसंकोचपणे बसला आहे.

या घराची कुळकथा बंगालच्या दप्तरातून सुरू होते. कॉकरेल बंधूंपैकी जॉन हा कंपनीच्या फौजेतील कर्नल. त्याने १७९५ मध्ये ही जागा घेतली आणि तीनच वर्षांत तो वारला. पुढे ती धाकट्या चार्ल्सकडे आली. चार्ल्सने कलकत्त्यास टपालखात्याचे मुख्यपद भूषविले होते. परंतु त्याचे खरे भाग्य उघडले ते पॅक्स्टन, कॉकरेल अँड ट्रेल या पेढीत. कंपनीच्या नोकरांनी उजव्या-डाव्या हातांनी जमविलेला पैसा सांभाळावा, व्याजी लावावा आणि हुंड्यांच्या वाटेने बिनबोभाट विलायतेस पोहोचवावा, हा त्या पेढीचा धंदा. तलवार बहाद्दरांपेक्षा हे कारकून अधिक काळ टिकले, आणि मला तर वाटते, अधिक श्रीमंतही झाले. अशा माणसाला १८०५ च्या सुमारास हौस आली ती हिंदुस्थानी घराची. त्यासाठी भाऊ सॅम्युएल पुढे आला, ज्याने हिंदुस्थानचे तोंडही पाहिले नव्हते. आणि त्याच्या मदतीस टॉमस डॅनियल हा चित्रकार आला, ज्याने तो देश पुतण्यासह वर्षानुवर्षे पायांखाली घातला होता.

डॅनियलचे नाव निघाले म्हणजे मराठी माणसाने थोडे थांबावे. हे काका-पुतणे १७९३ मध्ये मुंबईस आले तेव्हा त्यांची जेम्स वेल्सशी गाठ पडली. हा वेल्स म्हणजे पुण्याच्या दरबारात सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची चित्रे रंगविणारा स्कॉटिश चितारी. त्याला लेण्यांचे वेड होते. त्याने काढलेली वेरुळची रेखाटने त्याच्या मृत्यूनंतर, १८०३ मध्ये, डॅनियलनेच कोरून प्रसिद्ध केली. त्याच वर्षी असईच्या मैदानावर शिंदे-भोसल्यांच्या फौजा वेलस्लीपुढे हरत होत्या. एकीकडे मुलूख जात होता आणि दुसरीकडे त्याच मुलखातील शिल्पाची नक्कल इंग्रजांच्या दिवाणखान्यांत येत होती. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध त्या काळच्या फारच थोड्यांना खटकला असेल.

घरापेक्षा बागेत डॅनियलचा हात अधिक दिसतो. वरच्या अंगाला एका तळ्याच्या काठी सूर्याचे छोटे देवालय आहे. तेथून निघालेला ओहळ झाडीतून उतरत एका पुलाखालून जातो. पुलाच्या कठड्यांवर नंदी बसले आहेत. पुढे पाण्यात एक तीन तोंडांचा नाग झाडाच्या बुंध्याला वेढे घालून आहे. मी ओहळातील दगडांवर पाय ठेवीत पुलाखाली शिरलो, आणि वर पाहतो तो खाली चौकोनी, वर पन्हळीदार आणि माथ्यावर दाबलेल्या उशीचा आकार धारण करणारे खांब! घारापुरीच्या लेण्यातले ते खांब ओळखण्यास शिल्पशास्त्रज्ञ असण्याची गरज नाही. तेथे ते डोंगराच्या पोटातच कोरलेले असून डोंगराचा भार वाहतात. येथे त्यांच्यावर फक्त बागेतल्या एका रस्त्याचा आणि त्यावरून फोटोसाठी चाललेल्या करवल्यांचा भार होता. प्रमाण बिघडले होते, आणि अंधार तर मुळीच नव्हता; तरीही हात फिरविल्यावाचून मला राहवले नाही.

वर्गमित्राची थोरली बहीण, जिला सारे अक्का म्हणतात, गिरगावाहून लग्नासाठी आली होती. पुलावर येताच तिने चपला काढल्या, नंदीच्या पाठीवर हात ठेवला आणि रिवाजाप्रमाणे शिंगांमधून पलीकडे डोकावून पाहिले. "अरे, पिंडी कुठाय?" पलीकडे पाणी, झाडी आणि तिच्याकडे टक लावून पाहणारे वराचे दोघे काका होते. पिंडीवाचून नंदी, पूजेवाचून सूर्य: या बागेचा सगळा स्वभाव अक्काने एका प्रश्नात उघडा केला. चार्ल्स कॉकरेलला हिंदुस्थान हवा होता तो चित्रातला. माणसे, देव आणि घाम वगळलेला.

लग्न त्या वळणदार काचगृहात लागले, जे मुळात लिंबू-संत्र्याच्या जातीची नाजूक झाडे थंडीत जगविण्यासाठी असते. विलायतेत १९९४ च्या कायद्यापूर्वी नागरी विवाह निबंधकाच्या कचेरीबाहेर होऊच शकत नसे. कायदा बदलला आणि छपरांच्या दुरुस्तीने जेरीस आलेल्या कितीतरी जुन्या इस्टेटींना उत्पन्नाची नवी बाब मिळाली. मात्र त्या नागरी विधीत धर्मकृत्याला मज्जाव असल्याने या जोडप्याने सह्या आधीच उरकून घेतल्या होत्या, आणि आता गुरुजींचे राज्य होते. गुरुजी आठवडाभर संगणकाच्या कंपनीत काम करीत आणि शनिवारी मंगलाष्टके म्हणत. त्यांचा आवाज खडा होता. मामांनी अंतरपाट धरला. अक्षतांचा वर्षाव कोठे थांबवावा हे पाहुण्यांना न कळल्यामुळे सावधान म्हणताच, आणि न म्हणताही, तांदूळ पडत राहिले. वराची आई नऊवारी नेसली होती आणि ती नेसविणाऱ्या काकूंच्या मर्जीनुसार अगदी ताठ उभी होती. हे दृश्य पाहताना मला वाटले की दोनशे वर्षे ज्या घरात हिंदुस्थान नुसता बाहेरून चढविलेला होता, तेथे त्या दिवशी तो काही तास आत येऊन जेवला. बाहेरूनच म्हणायचे, कारण घुमटाखालची अंतर्रचना पाहावी तर ती अभिजात ग्रीक वळणाची. आत पाऊल टाकल्यावर मोगलाईचा मागमूसही नाही.

राजपुत्र जॉर्ज १८०७ मध्ये येथे येऊन गेला, आणि ब्रायटनचा त्याचा घुमटांचा महाल पुढे नॅशने पुरा केला, त्यामागे सीझिनकोटची भूल होती असे मानतात. नंतर इस्टेट अनेकांच्या हाती फिरली; १९४४ मध्ये ती क्लाइनवर्ट कुटुंबाने घेतली, बाग पुन्हा मार्गी लावली, आणि घराच्या दक्षिणेस पाण्याचा पाट व यू वृक्षांची रांग असलेला मोगली धर्तीचा बगीचा लेडी क्लाइनवर्टने भारत पाहून आल्यावर करविला. मला तोच सर्वांत कमी आवडला. फारच नीटनेटका आहे.

जेवणे झाल्यावर अक्काला मी पुलाखालच्या खांबांची हकीकत सांगितली. आयुष्य गिरगावात गेले, गेटवेवरून सुटणाऱ्या लाँची तिने असंख्य वेळा पाहिल्या, पण घारापुरीला ती कधी गेली नव्हती. "आता परतले की जातेच," ती म्हणाली, "येत्या सोमवारीच. महादेवाचा वार आहे." सोमवारी, म्हणजे नेमक्या महादेवाच्या वारी, घारापुरीची लेणी बंद असतात, हे मला तिला सांगावे लागले.