न छापलेले कार्ड

तळहातावर मावेल एवढा पुठ्ठ्याचा तुकडा. पुढे खेळाडूचे चित्र, मागे त्याच्या पराक्रमाचे आकडे. अमेरिकेत अशी कार्डे च्युइंगगमच्या पुडक्यातून मिळत. मुले ती जिवापाड जपत, आपापसांत अदलाबदल करीत. ज्याचे कार्ड निघाले, तो खेळाडू घरोघरी पोचला. परंतु ऐन उमेदीत ज्याचे कार्ड कोणी काढलेच नाही, त्याचे काय?

सॅचेल पेज हा असाच एक खेळाडू. क्रिकेटमध्ये जे काम गोलंदाजाचे, तेच बेसबॉलमध्ये पिचरचे. आणि पेजसारखा पिचर विरळाच. १९०६ साली अलाबामातील मोबील या बंदरात एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात त्याचा जन्म झाला. रेल्वे स्टेशनवर प्रवाशांचे सामान वाहताना त्याला ‘सॅचेल’, म्हणजे पिशवी, हे टोपणनाव पडले असे सांगतात. बाराव्या वर्षी किरकोळ चोरीपायी त्याची रवानगी सुधारगृहात झाली. चेंडूफेकीची विद्या त्याला तेथेच लाभली. १९२६ पासून तो धंदेवाईक खेळाडू झाला. त्याचा चेंडू पाहण्यास गावोगावी गर्दी लोटे. मात्र कातडीच्या रंगामुळे मोठ्या संघांची दारे त्याला बंद होती. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या संघांतच त्याचे तारुण्य सरले.

१९४७ साली जॅकी रॉबिन्सनने ती दारे उघडली. पुढल्याच वर्षी जुलैत पेज क्लीव्हलंडच्या संघात दाखल झाला, तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता! ज्या वयात इतर खेळाडू मैदानाचा निरोप घेतात, त्या वयात त्याने पदार्पण केले, आणि त्या हंगामात त्याच्या नावावर सहा विजय व एकच पराजय नोंदला गेला. १९५३ साली टॉप्स कंपनीने त्याचे कार्ड काढले. पण त्यावरील नावात इंग्रजीतील एक अक्षर अधिकच पडले. १९६५ मध्ये, एकोणसाठाव्या वर्षी, तो पुन्हा एकदा मैदानात उतरला. तीन डाव त्याने चेंडू टाकले व प्रतिपक्षास एकही धाव मिळू दिली नाही. १९७१ साली बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात त्याला मानाचे स्थान मिळाले.

आज काही चाहते हौसेने त्याचे कार्ड स्वतःच तयार करतात. जुने छायाचित्र शोधून ते पंचविशीतल्या पेजला त्याच्या जुन्या संघाच्या गणवेशात उभे करतात. मागील बाजूस आकडे लिहिताना मात्र त्यांचा हात अडतो. कारण त्या काळच्या कित्येक सामन्यांची नोंदच कोणी ठेवली नव्हती. २०२० साली त्या वेगळ्या संघांच्या स्पर्धांना बरोबरीचा दर्जा मिळाला आणि २०२४ मध्ये त्यांचे उपलब्ध आकडे अधिकृत नोंदींत सामील झाले. ते पाहावयास पेज नव्हता. १९८२ सालीच तो निवर्तला होता. न्याय उशिरा आला, तर गेलेली वर्षे परत देता येत नाहीत. निदान त्यांचा विसर पडू नये, एवढेच काम हा पुठ्ठ्याचा तुकडा करतो.