कासवांच्या गावी मुक्काम

बागमांडल्याला गाडीसकट फेरीबोटीत चढलं की सावित्रीच्या खाडीपलीकडे वेशवी लागतं. रायगड जिल्हा मागे राहतो, रत्नागिरी सुरू होतो. तिथून बाणकोटवरून जाणारा अरुंद रस्ता वेळासला पोचतो. मार्चचं ऊन रणरणत होतं, पण गावात शिरताच नारळी-पोफळीच्या सावलीने जीव सुखावला. जांभ्याचे गडगे, अंगणात वाळत घातलेली सुपारी, शेणाने सारवलेलं खळं. पेशवाईतल्या नाना फडणवीसांचं हे मूळ गाव. आज मात्र वेळासचं नाव दूरवर पोचलंय ते ऑलिव्ह रिडले कासवांमुळे.

एके काळी इथे कासवाचं घरटं सापडलं की अंडी जायची माणसाच्या पोटात, नाहीतर कुत्र्या-कोल्ह्यांच्या. 2002 साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, गावकऱ्यांना सोबत घेऊन ती वाचवायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि गावातली घरं पाहुण्यांसाठी उघडली. आमचाही मुक्काम अशाच एका घरी होता. दुपारी कोवळ्या फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी आणि हवी तेवढी सोलकढी. त्या ताटामागे कासवं आहेत, हे यजमानीणबाईंनी आपणहून सांगितलं.

किनाऱ्यावर सुरूच्या झाडांपुढे जाळीचं कुंपण घातलेली हॅचरी आहे. मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते, वरून वाळू सारखी करते आणि समुद्रात परतते. पुन्हा फिरकत नाही. पहाटे कासवमित्र तिच्या पावलांचा माग काढत घरट्यापाशी पोचतात, अंडी अलगद उचलतात आणि हॅचरीत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात. साधारण 45 ते 60 दिवसांनी पिल्लं निघतात. नर की मादी, हे ठरवते वाळूची ऊब: जास्त तापली तर माद्या, कमी तापली तर नर. वाढत्या उन्हाळ्याची काळजी करायला एवढं एक कारणही पुरेसं आहे.

संध्याकाळी कासवमित्राने घरट्यावरची टोपली उचलली. खाली काहीच नव्हतं. मुंबईहून आलेली मुलं हिरमुसली.

सकाळी दुसऱ्या टोपलीखाली वाळू हलत होती. आधी एक काळपट डोकं, मग वल्ह्यासारखा एक पर, मग जेमतेम चार सेंटिमीटरचं अख्खं पिल्लू. त्याला थेट पाण्यात सोडत नाहीत. वाळूवरून त्याने स्वतःच चालत जायचं. दोरीमागे आम्ही सगळे श्वास रोखून उभे. पहिल्या लाटेने ते उलटं पाडलं, मागे फेकलं. ते सरळ झालं आणि पुन्हा निघालं. मोठी होईपर्यंत हजारात एखादंच जगतं म्हणतात. म्हणूनच एकेका घरट्यासाठी रात्री जागणाऱ्या या माणसांचं मोल फार मोठं आहे.

पुढे ही कासवं जातात कुठे? 2022 च्या जानेवारीत वेळासच्याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवला; तिचं नाव ‘प्रथमा’. ओडिशात 2021 मध्ये टॅग लावलेली एक मादी तर 2025 मध्ये थेट गुहागरला अंडी घालताना सापडली.

जायचं तर फेब्रुवारी ते एप्रिल. पिल्लं निघतीलच याची खात्री कोणी देत नाही, तेव्हा एक मुक्काम जादा धरावा. मधल्या वेळात बाणकोटचा किल्ला चढावा. तटावरून सावित्रीचं मुख आणि पलीकडचं हरिहरेश्वर दोन्ही दिसतात.